जुनी गाडी स्वतः दुरुस्त करून खरंच पैसे वाचतात का?

(या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. प्रश्न साधारण एकच असतो. "नवीन गाडी परवडत नाही. पन्नासेक हजारांत जुनी गाडी घ्यायची, व्हिडिओ बघून स्वतःच नीट करायची. किती पैसे वाचतील?"

मी हे केलंय. त्यामुळे आज ऐकीव काही नाही. माझ्यासमोर एक शंभर पानी वही आहे, तिच्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक रुपया लिहिलेला आहे. भागाच्या शेवटी ती बेरीज तुम्हाला वाचून दाखवणार आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. पैसे वाचतात. पण आपल्याला वाटतं तिथे वाचत नाहीत. आपल्याला वाटतं मेकॅनिकची मजुरी वाचेल. मजुरीत फारसं काही वाचत नाही. वाचतं ते निदानात. म्हणजे गाडीला नेमकं काय झालंय हे कळण्यात. आणि एक चूक अशी होऊ शकते की वाचलेल्या पैशांना काही अर्थच उरत नाही. ती चूकही मी केलीय, तीही सांगतो.

तर आधी गाडी घेतली का, ते.

आम्ही साताऱ्यात राहतो. बायको शिक्षिका. तिची बदली झाली यवतेश्वरच्या घाटाच्या वर, कासच्या रस्त्याला आत. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेना. काही महिने कुणाच्या तरी गाडीतून, कधी माझ्या मोटरसायकलवर असं चाललं. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. एका जुलैत ती ओलीचिंब होऊन तापाने पडली आणि घरात ठरलं की चारचाकी घ्यायची. बजेट पन्नास हजार. कर्ज काढायचं नाही, कारण घराचा हप्ता चालू होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी २००८ ची मारुती ८०० घेतली. ४८,००० रुपयांना.

आता ८०० च का? भावनेचा भाग सोडून देऊ. या गाडीची पहिली चावी डिसेंबर १९८३ मध्ये दिली गेली आणि उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. तीस वर्षं, पंचवीस लाखांहून जास्त गाड्या. याचा अर्थ काय, तर तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातही तिचा पार्ट मिळतो आणि कुठल्याही मिस्त्रीने ती आधी उघडलेली असते. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं, हात आत जातो. नवशिक्याला यापेक्षा बरी शाळा नाही. तुम्ही दुसरी कुठली गाडी घेत असाल तर हाच निकष लावा: पार्ट जवळ मिळतो का, आणि गावात ती उघडणारा माणूस आहे का. एखादी मोठी, ऐटीतली गाडी जुनी झाली की स्वस्तात मिळते, पण तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत.

घेताना काय बघायचं

पहिली गोष्ट. विकणाऱ्याला आधीच सांगायचं, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावून बघायचा. गरम असेल तर समजायचं की थंड इंजिन सुरू होताना काहीतरी त्रास देतंय आणि तो लपवलाय. थंड गाडीचा सेल्फ मारायचा आणि एकाने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा दाट धूर, इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर इंजिनात कूलंट जातंय. थंडीतल्या सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, त्याला घाबरू नका.

दुसरी गोष्ट. मॅट उचला. आपल्याकडच्या पावसात जुन्या गाडीचा पत्रा खालून खातो. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकतात, पाणी आत उतरतं, कार्पेट ओलं राहतं आणि त्याच्या खाली पत्रा गंजत बसतो. वरून नवा पेंट मारलेला असतो. एक साधं लोहचुंबक खिशात ठेवा, त्याला पातळ कापड गुंडाळा. दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे.

तिसरी गोष्ट, टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे लंबगोलात असतात. समजा २३१६ असेल, तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शिल्लक दिसते म्हणून फसू नका. जुना रबर कडक होतो, बाजूला बारीक भेगा पडतात. माझ्या गाडीचे चारही टायर दिसायला छान होते आणि चारही बाद होते.

चौथी गोष्ट कागदपत्रं, आणि इथे बरेच जण फसतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. माझी गाडी २००८ ची, म्हणजे २०२३ मध्ये मुदत संपणार. ती स्वस्तात मिळण्याचं अर्धं कारण हेच होतं. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्याशिवाय पर्यावरण कर, गाडी आरटीओत नेऊन दाखवणं आलं. नूतनीकरण मिळतं ते पाच वर्षांचं. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करायची. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन थकलेली आहेत का, चॅसी नंबर जुळतो का, हे बघा. आणि घेतल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून तीस दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करायला टाका. "करू नंतर" म्हणू नका.

आणि शेवटचं, एखाद्या मिस्त्रीला पाचशे रुपये देऊन सोबत न्या. मी नेलं नाही. शहाणपणा नडला.

गाडी गरम होते

गाडी घरी आली. पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्याजवळच्या गर्दीत टेम्परेचरचा काटा वर वर जायला लागला. बाजूला घेतली, बंद केली, अर्धा तास थांबलो, मग हळूहळू एका गॅरेजला नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल. नऊ हजार धरा."

४८ हजारांची गाडी आणि पहिल्या आठवड्यात नऊ हजार. मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो आणि निघालो. आपल्याकडे पैसे नसले की "घरी विचारून सांगतो" हे वाक्य फार उपयोगी पडतं.

त्या रात्री मी हत्यारं नाही, वही घेऊन बसलो. गाडी कधी गरम होते? गर्दीत. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना. आणि कधी होत नाही? हायवेवर. कराडपर्यंत गेलो होतो, काटा मध्यावरून हलला नव्हता.

आता जरा विचार करा. हायवेवर वेगामुळे वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. गर्दीत वारा नसतो, तिथे रेडिएटरच्या पंख्याचं काम. म्हणजे हळू चालताना गरम आणि वेगात थंड, तर आधी पंख्यावर संशय. उलट असेल, म्हणजे गर्दीत ठीक पण हायवेवर रेस वाढवली की गरम, तर कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. हा एक फरक लक्षात ठेवलात तरी आजचा भाग ऐकल्याचं सार्थक झालं.

मग हेड गॅस्केटची लक्षणं तपासली. इंजिन पूर्ण थंड असताना. हे दोनदा सांगतो: गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. थंड असताना झाकण उघडलं, कूलंटवर तेलाचा तवंग आहे का बघितलं. नव्हता. ऑइलची पट्टी बाहेर काढली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का बघितलं. नव्हतं. गाडी सुरू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का बघितलं. नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. चारही नाही म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे, पण नऊ हजार देण्याआधी पंखा बघायला हवा एवढी खात्री नक्कीच.

झाकण लावून गाडी सुरू ठेवली. काटा वर आला, पंखा फिरेना. लगेच बंद केली. पंख्याचा प्लग सोडवून दोन वायरींनी त्याला थेट बॅटरीवरून करंट दिला. पंखा गरगर फिरला. म्हणजे पंख्याची मोटर चांगली. फ्यूज बघितला, शाबूत. मग रिले. तशाच पिनांचा, तशाच क्षमतेचा दुसरा रिले दुकानातून आणून लावला आणि काटा थोडा वर आल्यावर पंखा सुरू झाला. जुना रिले उघडून बघितला, आतला संपर्क काळा पडून झिजला होता. चौदा वर्षांच्या गाडीत हे व्हायचंच.

रिले १८० रुपये. नळाचं पाणी भरलेलं होतं ते काढून कूलंट घातलं, ४२० रुपये. एकूण सहाशे.

पण एक इशारा. गाडी गरम होत असताना तशीच दामटली, तर आज चांगलं असलेलं हेड गॅस्केट उद्या खरंच जातं. काटा वर गेला की थांबायचं. लग्नाचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

बॅटरीची गोष्ट

दुसरा किस्सा छोटा आहे. जानेवारीच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की नुसतं "टक". दुकानदार म्हणाला, "बॅटरी गेली. नवीन ३,४००."

तीनशे-चारशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. तो घ्याच. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. गाडी चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. चालू असतानाही आकडा बाराच्या आसपासच राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा, नवी बॅटरी घालून काही होणार नाही, तीही उतरेल. माझे दोन्ही आकडे ठीक होते. मग अडचण कुठे? टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती, एक टर्मिनल तडकलेलं होतं. सोडवलं, खायचा सोडा आणि कोमट पाण्याने धुतलं, कोरडं केलं, घासलं, साठ रुपयांचं नवीन टर्मिनल लावलं. तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली.

सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणगी उडत नाही, म्हणून हा क्रम.

आता या दोन किस्स्यांतून कुणी असा अर्थ काढू नका की गॅरेजवाले लबाड असतात. मी नंतर यावर बराच विचार केला. आपण गॅरेजला जातो आणि म्हणतो, "लवकर करून द्या." तो माणूस दोन तास शोधत बसला आणि अखेर १८० रुपयांचा रिले सापडला, तर आपण त्याला किती देणार? शंभर. तेही कुरकुरत. बघण्याचे पैसे कुणी देत नाही, बसवण्याचे देतात. मग तो अंदाजाने मोठा पार्ट बदलतो. आता मी मिस्त्रीकडे जातो तेव्हा आधीच सांगतो, "नुसतं शोधायचे दोनशे वेगळे घ्या. काही नाही सापडलं तरी." त्या दोनशेंनी माझे कितीतरी वाचलेत.

परदेशातले व्हिडिओ बघताना हाच फरक लक्षात ठेवा. तिकडे मजुरी महाग, म्हणून तो माणूस घरी सगळं करतो आणि त्याचे खरंच पैसे वाचतात. आपल्याकडे ऑइल बदलायची मजुरी किती? मी स्वतः ऑइल, फिल्टर, प्लग बदलले, पूर्ण रविवार गेला, कपडे खराब झाले आणि वाचले अंदाजे ५०० रुपये. आनंद मिळाला, तो वेगळा. जुनं ऑइल मात्र गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवर द्या.

ब्रेक

आता ती चूक.

सप्टेंबर उजाडला होता. दोन यशांनी मी हवेत. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेक ऑइल बाहेर येत होतं. निदान बरोबर होतं. मला वाटलं, निदान जमलं म्हणजे कामही जमेल.

दुकानातून सगळ्यात स्वस्त, साडेतीनशेचा सिलिंडर आणला. चाक काढलं, ड्रम काढला, बसवला. ब्रेकची नळी सोडवली की आत हवा जाते आणि ती काढावी लागते, हे मला माहीत होतं. मुलीला आत बसवलं. "दाब. धर. सोड. परत दाब." ती दहा वर्षांची, तिला मजा वाटत होती. मधेच लक्षात आलं की वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल तळाला गेलंय. पटकन भरलं आणि पुढे चालू ठेवलं. डबी रिकामी झाली की तिथून आणखी हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे मला माहीत नव्हतं. शेवटी पेडल जरा मऊ लागत होतं. मी मनाशी म्हणालो, "नवीन पार्ट आहे, बसेल हळूहळू."

मंडळी, ब्रेकच्या बाबतीत "बसेल हळूहळू" असं काही नसतं.

दोन दिवसांनी शाळेत कार्यक्रम होता. येताना तिघं गाडीत. यवतेश्वरचा घाट उतरायला लागलो. दोन वळणं झाली, तिसऱ्या वळणाआधी पाय दाबला आणि पेडल खाली जाऊन टेकलं. गाडी थोडी मंदावली, थांबली नाही. परत दाबलं, परत, थोडा जोर लागला. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी दरीच्या उलट्या बाजूला, डोंगराकडच्या मातीच्या ढिगाला नेऊन टेकवली. बंपर चेपला. बाकी कुणाला काही झालं नाही. समोरून एसटी आली नाही, हे आमचं नशीब. त्यात माझं कौशल्य काही नाही.

मुलगी मागून म्हणाली, "बाबा, मी नीट दाबलं नव्हतं का?"

तिला वाटलं तिची चूक. तो प्रश्न मला आजही आठवतो. नऊ हजार वाचवले वगैरे सगळी बढाई त्या एका वाक्यात संपली.

एका ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते स्कूटरवर वर आले. आधी रागावले नाहीत. पेडल दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "सर, इंजिन बिघडलं तर गाडी थांबती. ब्रेक बिघडला तर थांबत नाही. एवढंच बघायचं." मग गाडी टो करून खाली आणली. त्यांनी मागचे दोन्ही सिलिंडर चांगल्या प्रतीचे घातले, लायनर बदलले, सगळं ब्रेक ऑइल नवं भरलं. आणि मला एक तपासणी शिकवली. गाडी बंद ठेवून पेडल तीन-चारदा दाबायचं, मग घट्ट दाबून मिनिटभर धरायचं. ते घट्ट राहिलं पाहिजे. स्पंजासारखं लागलं किंवा पायाखाली हळूहळू उतरत गेलं, तर गाडी जागची हलवायची नाही.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुला हौस आहे तर कर. पण पोरगी मागं बसणार असेल तेव्हा ब्रेक कुणी बघितलाय ते मला आधी सांगायचं."

तीन याद्या

त्या रात्री वहीत तीन याद्या केल्या. त्या अजून तशाच आहेत.

पहिली यादी, मी स्वतः करतो. ऑइल, एअर फिल्टर, प्लग, बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, रिले, बल्ब, वायपर, कूलंट, टायरची हवा, काचेखालच्या जाळीतली पानं काढणं, दारांच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करणं. यातलं काही चुकलं तर गाडी बंद पडेल, फार तर मनस्ताप होईल.

दुसरी यादी, मी शोधतो आणि मिस्त्री करतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना "कट-कट" आवाज आला तर अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर, वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. सुरू करताना "किर्रर" तर पट्टा सैल. गतिरोधकावर खडखड तर खालचे बुश किंवा शॉक अॅब्सॉर्बर. मी आवाज, वेळ, वेग असं लिहून नेतो. "गाडी आवाज करते" असं सांगण्यात आणि "चाळीसच्या वर, उजवीकडे वळताना आवाज करते" असं सांगण्यात दोन हजारांचा फरक पडू शकतो.

तिसरी यादी, मी हात लावत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन आणि टाकी, टायमिंग बेल्ट, वेल्डिंग. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आधीच्या मालकाला सांगता येत नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चला. आणि या यादीतले पार्ट स्वस्तातले घेऊ नका. पैसे वाचवायचे तर सीट कव्हरमध्ये वाचवा.

आणखी एक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, अगदी एका मिनिटासाठीही जायचं नाही. सपाट जागा, हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना दगड, लोखंडी स्टँड, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सारून ठेवायचं.

हिशेब

आता वही. पहिल्या वर्षाचा खर्च.

हत्यारं, म्हणजे गोटी पाना सेट, मल्टिमीटर, स्टँड वगैरे: ४,६००. मी केलेल्या कामांचं सामान, त्यात रिले, कूलंट, टर्मिनल, ऑइल, फिल्टर, प्लग: २,३००. चार टायर: १०,४००. टायमिंग बेल्ट, मजुरीसह: १,९००. ब्रेक, माझा फुकट गेलेला सिलिंडर धरून: ४,३००. खालच्या पत्र्याचं वेल्डिंग: ३,५००. नावावर करणं, नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी: ११,०००. बेरीज ३८,०००. गाडीचे ४८,००० मिळवले की ८६,०००.

म्हणजे ४८ हजारांची गाडी ८६ हजारांना पडली. पन्नास हजार बजेट असेल तर तीस हजारांचीच गाडी बघा, बाकीचे बाजूला ठेवा. हे मला कुणी आधी सांगितलं नाही. चेपलेला बंपर या हिशेबात नाही, कारण तो मी मुद्दाम तसाच ठेवलाय.

आता वाचले किती? हेड गॅस्केटचे नऊ हजार, त्यातून सहाशे वजा, ८,४००. बॅटरीचे ३,३४०. ऑइलच्या मजुरीचे ५००. एकूण १२,२४०. त्यातून हत्यारांचे ४,६०० वजा केले तर उरतात ७,६४०. वर्षभराचे कितीतरी रविवार घालून. आणि त्या १२,२४० मधले ११,७४० रुपये नुसतं नीट बघितल्यामुळे वाचले. पाना फिरवून वाचले ते पाचशे.

गाडी अजून आहे. बायको रोज घाट चढते, उतरते. मुलगी आता तेरा वर्षांची झाली आणि तिला तो प्रसंग मी नीट समजावून सांगितलाय, कुठे हवा राहिली, का राहिली, आणि चूक कुणाची होती. आता ती स्वतःच पुढे बसते आणि निघण्याआधी ब्रेक दाबून, मिनिटभर धरून बघते. मी शिकवलेलं नाही, मामांनी शिकवलंय.

तर जुनी गाडी घेणार असाल तर गोटी पाना नंतर घ्या, आधी एक वही घ्या. तारीख, किलोमीटर, काय झालं, कधी झालं. तुमच्या गाडीचं असं एखादं निदान असेल, बरोबर आलेलं किंवा साफ चुकलेलं, तर जरूर कळवा. चुकलेलं असेल तर आधी कळवा, त्यातून इतरांना जास्त शिकायला मिळतं.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात. घाटात गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरवा. नमस्कार.